बाळाच्या रडण्याची खबर देणारी साधनं: कर्णबधिर आईबाबांनी कशावर पैसे घालावेत?

दुकानात ‘बेबी मॉनिटर’ म्हणून जे मिळतं, ते बहुतेक ऐकू येणाऱ्या माणसासाठी बनवलेलं असतं. एका खोलीतलं रडणं दुसऱ्या खोलीत ऐकवायचं, एवढंच त्याचं काम. आईबाबा दोघंही कर्णबधिर असतील तर त्या स्पीकरचा काडीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी साधन निवडताना तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. बाळ रडतंय हे यंत्राला कळतं का? ती खबर आईबाबा असतील तिथं पोचते का? आणि गाढ झोपेतल्या माणसाला ती उठवते का? जाहिरातींमध्ये पहिल्या गोष्टीचं कौतुक फार असतं. प्रत्यक्षात रात्री घोळ होतो तो तिसऱ्या ठिकाणी.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. रडणं ओळखण्याची सोय आज हातातल्या फोनमध्ये फुकट आहे आणि ती बऱ्यापैकी चालते. त्यामुळे खर्च करायचाच असेल तर उठवणाऱ्या वस्तूवर करा. म्हणजे मनगटावर जोरात थरथरणारं घड्याळ किंवा गादीखाली ठेवायची कंपनाची चकती.

दिवसा श्रवणयंत्र लावून किंवा कॉक्लिअर इम्प्लांटमुळे (शस्त्रक्रिया करून कानात बसवलेल्या यंत्रामुळे) चांगलं ऐकू येणाऱ्यांनाही हे लागू आहे. झोपताना श्रवणयंत्र काढलं जातं, इम्प्लांटचा बाहेरचा भाग काढून डबीत ठेवला जातो. ‘तुला तर ऐकू येतं, मग कशाला हवं?’ असं घरचे म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर दिवस असतो.

फोनमधली फुकट सोय

आयफोनमध्ये ‘साउंड रेकग्निशन’ २०२० साली आयओएस १४ बरोबर आलं. सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग साउंड रेकग्निशन सुरू करायचं आणि आवाजांच्या यादीतून ‘बेबी क्राइंग’ निवडायचं. अँड्रॉइडवर गूगलचं ‘साउंड नोटिफिकेशन्स’ही २०२० मध्येच आलं. ते ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’च्या मोफत अ‍ॅपमधून मिळतं. दोन्हीत आवाज फोनमध्येच ओळखला जातो, त्यामुळे इंटरनेट नसलं तरी काम चालू राहतं. अँड्रॉइडच्या अ‍ॅपमध्ये कोणता आवाज किती वाजता झाला याची नोंदही दिसते, आणि ही नोंद पुढे चाचणी घेताना फार कामी येते.

जुन्या पद्धतीच्या यंत्रांपेक्षा फोनचा मोठा फायदा असा की तो नुसता आवाज किती मोठा आहे ते मोजत नाही, रडण्याचा नमुना ओळखतो. कुकरची शिट्टी झाली, दार आपटलं, गल्लीत फटाके वाजले म्हणून तो सहसा उठवत नाही. टीव्हीवरच्या मालिकेतलं बाळ रडलं तर मात्र फसू शकतो, ते साहजिक आहे.

आता उणिवा. पहिली म्हणजे, हे साधन जीव धोक्यात येईल अशा प्रसंगी भरवशाचं मानू नका, असं अ‍ॅपल स्वतःच सेटिंगच्या पानावर लिहितं. ती सूचना गंभीरपणे घ्या. दुसरी उणीव अँड्रॉइडवाल्यांना जास्त छळते. बऱ्याच स्वस्त फोनांमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप्स आपोआप बंद केली जातात. संध्याकाळी सुरू केलेलं अ‍ॅप पहाटे बंद पडलेलं असतं आणि ते बंद झाल्याची खबर कुणी देत नाही. त्यासाठी अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीचा पर्याय ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायचा, ‘ऑटो-स्टार्ट’ असेल तर चालू करायचं आणि फोन रात्रभर चार्जरला लावून ठेवायचा. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की या तिन्ही गोष्टी पुन्हा एकदा तपासायच्या.

तिसरी उणीव ऐकू येणाऱ्या परीक्षकांच्या लक्षातच येत नाही. कर्णबधिर माणसाचं फोनवरचं बोलणं म्हणजे बहुतेकदा खुणांच्या भाषेतला व्हिडिओ कॉल. कॉल चालू असताना फोनचा माइक त्या कामात गुंततो आणि आवाज ओळखण्याचं काम थांबू शकतं. अर्धा तास बहिणीशी कॉल चाललाय आणि आतल्या खोलीत बाळ रडतंय, अशी वेळ येऊ शकते. म्हणून बाळावर लक्ष ठेवणारा फोन वेगळा आणि बोलायचा फोन वेगळा असावा. कपाटात पडलेला जुना फोन यासाठी चालतो. त्यात सिमची गरज नाही, फक्त ही सोय चालावी इतपत सॉफ्टवेअर नवं हवं.

उशीखालचा फोन

बहुतेक घरांत पहिला प्रयोग असा होतो की फोन व्हायब्रेटवर टाकून उशीखाली ठेवला जातो. इथं एक अडचण आहे. उशीखाली फोनची थरथर डोक्याला नीट लागते, पण कापूस आणि चादर यांत माइक बुजतो आणि रडणं अर्धंमुर्धंच पोचतं. फोन पाळण्याजवळ ठेवला तर त्याला सगळं ऐकू येतं, पण तो तिथल्या स्टुलावर थरथरून कुणाला उठवणार? ऐकायची जागा बाळाजवळ आणि उठवायची जागा आईबाबांच्या अंगाला लागून. एकाच वस्तूला दोन्हीकडे ठेवता येत नाही.

कॅमेऱ्याचा फ्लॅश लुकलुकवण्याची सोय दोन्ही प्रकारच्या फोनांत आहे. फोन पालथा, म्हणजे फ्लॅश वर करून ठेवला तरच ती दिसते. रात्री आम्ही तिच्यावर विसंबणार नाही. धुराच्या अलार्मसाठी कमी ऐकू येणाऱ्या माणसांवर झोपेच्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांत लुकलुकणाऱ्या दिव्यापेक्षा गादीतलं कंपन उठवण्यात कितीतरी सरस ठरलं. तोंडावर पांघरूण असेल, कुशी दुसरीकडे असेल, मच्छरदाणी लावलेली असेल, तर दिव्याचा जोर आणखी कमी होतो.

घड्याळ

फोन पाळण्याजवळ आणि घड्याळ मनगटावर, ही जोडी आमच्या मते सर्वांत सोयीची आहे. आयफोनला अ‍ॅपल वॉच आणि अँड्रॉइडला वेअर ओएसचं घड्याळ लागतं. रडणं ऐकतो फोन, घड्याळ फक्त निरोप आणून देतं. म्हणून दोघांमधलं अंतर महत्त्वाचं. ब्लूटूथ मोकळ्या जागेत साधारण १० मीटर चालतं, मध्ये काँक्रीटच्या दोन भिंती आल्या की खूपच कमी. अ‍ॅपल वॉच घरच्या वायफायवरूनही फोनशी बोलतं, पण वीज गेली की राउटर बंद, हे धरून चाला.

आयफोनबद्दल एक बारकावा. फोन उघडा असेल, वापरात असेल, तर सूचना फोनवरच येते, घड्याळाकडे जात नाही. पाळण्याजवळ ठेवलेला फोन लॉक केलेलाच असू द्या.

घड्याळातल्या या सेटिंग हमखास राहून जातात. कंपनाचा जोर ‘प्रॉमिनंट’ किंवा जो सर्वांत वरचा असेल त्यावर हवा. ‘स्लीप’ किंवा ‘डू नॉट डिस्टर्ब’ रात्री ठरल्या वेळी आपोआप चालू होतं आणि नेमकी हीच सूचना अडवतं, म्हणून त्या मोडमध्ये परवानगी द्या किंवा तो मोड पूर्ण बंद ठेवा. पट्टा नेहमीपेक्षा एक भोक घट्ट बांधा, कारण सैल पट्ट्यात थरथर हवेतच विरते. चार्जिंगची वेळही ठरवून टाका. बहुतेक अ‍ॅपल वॉचची कंपनीनं सांगितलेली बॅटरी १८ तासांची असते. रात्रीच्या जेवणाच्या वेळी, घरात दोघंही जागे असताना, ते चार्ज करून झोपताना पुन्हा बांधायचं. दोघांकडे घड्याळं असतील तर एकाच फोनची सूचना दोन्हीवर येईल असं गृहीत धरू नका. ज्याची रात्रीची पाळी, त्याचा फोन पाळण्याजवळ, हे सोपं.

दीड-दोन हजारांचे फिटनेस बँड घ्यावेत का? दिवसासाठी हरकत नाही. रात्रीसाठी आमचा नकार आहे. त्यांची थरथर बारीक असते, एक-दोनदा होऊन थांबते, आणि फोनच्या सूचना बँडपर्यंत नेणारं त्यांचं अ‍ॅप वर सांगितलेल्या बॅटरीच्या कारणानं मध्येच मरतं. दिवसा स्वयंपाकघरात पीठ मळताना मनगटावर टकटक झाली तर लगेच कळतं. पहाटे ३ वाजता, सलग काही रात्री जागलेल्या आईला तेवढ्यानं जाग येईल याची खात्री देता येत नाही.

खास बनवलेले संच

कर्णबधिरांसाठीच बनवलेल्या संचांमध्ये स्वीडनच्या बेलमन अँड सिम्फॉन कंपनीचा ‘व्हिजिट’ संच युरोपात सहज मिळतो. बाळाजवळ मायक्रोफोन असलेला ट्रान्समीटर आणि आईबाबांकडे रिसीव्हर, अशी त्याची रचना. रिसीव्हर निवडता येतो. प्रखर प्रकाशाचा आहे, कमरेला लावायचा पेजर आहे, आणि गादीखालच्या चकतीसह येणारं गजराचं घड्याळही आहे. फोन, वायफाय, अ‍ॅप यांपैकी काहीच लागत नाही, म्हणून अपडेट होऊन बिघडण्याची भानगड नाही. त्याच रिसीव्हरला दाराची बेल आणि धुराचा अलार्मही जोडता येतो आणि प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचा दिवा लागतो. बाळ मोठं झाल्यावर फक्त बाळाचा ट्रान्समीटर निकामी होतो, बाकी संच घरात वर्षानुवर्षं वापरता येतो. हा हिशेब केला तर किंमत तितकी टोचत नाही.

अशा संचाचा कमकुवत भाग मायक्रोफोन. तो रडणं ओळखत नाही, आवाजाची पातळी मोजतो. संवेदनशीलता फार वाढवली तर मिक्सर, कुत्र्याचं भुंकणं, पत्र्यावरचा पाऊस, कशानंही चकती थरथरते. फार कमी केली तर बाळाची सुरुवातीची कुरकुर सुटते आणि ते जोरात रडायला लागल्यावरच कळतं. आमची पद्धत अशी: पंखा किंवा कूलर रात्री जेवढ्यावर असतो तेवढ्यावर चालू करायचा, खिडक्या रात्रीसारख्या ठेवायच्या आणि बाळ शांत असताना संवेदनशीलता हळूहळू वाढवायची. यंत्र खोटी खबर द्यायला लागलं की थोडं मागे यायचं. ऋतू बदलला की हे पुन्हा करायचं, कारण मेमधला कूलर आणि जुलैमधला पाऊस यांचा आवाज सारखा नसतो. खोट्या खबरींकडे दुर्लक्ष करू नका. रात्रीतून अनेकदा उगाच उठवणारं यंत्र दमलेला माणूस शेवटी बंद करतो.

परदेशातल्या नातेवाइकांकडून संच मागवणार असाल तर दोन गोष्टी बघा. युरोपातला व्हिजिट रेडिओलहरींच्या ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, अमेरिकेतल्या आवृत्तीचा पट्टा वेगळा आहे. लंडनच्या काकांनी ट्रान्समीटर आणि न्यू जर्सीच्या आत्यानं रिसीव्हर पाठवला तर ते एकमेकांशी बोलणार नाहीत. आणि अमेरिकेतली वस्तू असेल तर अडॅप्टरवरचं लेबल वाचा. ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर नुसता पिनचा जोड पुरतो. ‘१२० व्होल्ट’ एवढंच असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ती वस्तू जळेल. अमेरिकेतले काही जुने संच घराच्या वायरिंगमधूनच सिग्नल पाठवतात. आपल्याकडे निम्मं घर इन्व्हर्टरवर आणि निम्मं सरळ लाइनवर असतं, तिथं त्यांचा काय भरवसा? ते टाळाच.

चकती कुठे ठेवायची

गादीखालच्या कंपनाच्या चकतीबद्दल तक्रारी फार येतात आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ गादीत असतं. मेमरी फोमची जाड गादी कंपन गिळून टाकते. तिच्याखाली चकती ठेवून उपयोग नाही, ती गादीच्या वर, चादरीखाली, खांद्याच्या पातळीला ठेवावी. किंवा उशीच्या अभ्र्यात घालावी, पण मग उशी जमिनीवर सरकली की संपलं. कापसाची गादी नवी पिंजलेली असेल तर चकती वरच्या बाजूला ठेवा. जुनी, दबलेली गादी असेल तर खालूनही पुरेसं जाणवतं. काथ्याची गादी कडक असते, तिच्यातून कंपन चांगलं येतं. जमिनीवर अंथरूण घालून झोपत असाल तर चकती थेट फरशीवर ठेवू नका, सतरंजीच्या घडीवर ठेवा. फरशीवर ती नुसती सरकत राहते.

फरशीवरून आठवलं. परदेशी लेखांमध्ये ‘पाळण्याचे हादरे जमिनीतून जाणवतात’ असा सल्ला असतो. तो लाकडी जमिनीच्या घरांसाठी. शहाबादी किंवा टाइल्सखाली काँक्रीट असलेल्या आपल्या घरात असं काहीही जाणवत नाही.

बाळ त्याच पलंगावर झोपत असेल तर चकती वापरू नका, कारण हादरे त्यालाही बसतात. बाळ आईबाबांच्याच खोलीत पण वेगळ्या, सपाट जागेवर, उताणं झोपावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पाळणा पलंगाला लागून ठेवला की चकती पलंगावर आणि मायक्रोफोन पाळण्याच्या बाजूला, अशी विभागणी आपोआप होते.

झोळीत झोपवत असाल तर मायक्रोफोन झोळीच्या दोरीला किंवा कापडाला अडकवू नका. प्रत्येक झोक्याला कापड घासतं आणि यंत्राला ती मोठी खरखर वाटते. शेजारी स्टुलावर, बाळाच्या डोक्याच्या बाजूला ठेवा. कोणत्याही साधनाची वायर पाळण्यापासून किमान १ मीटर लांब हवी, कारण बाळाच्या हाताला लागली तर ती गळ्याभोवती येऊ शकते. याच कारणासाठी बाळाच्या पायाला आणि आईच्या मनगटाला दोरी बांधण्याचा जुना उपाय आज कुणीही करू नये, घरातल्या थोरांनी कितीही खात्रीनं सांगितला तरी.

कॅमेरे आणि रडण्याचा अर्थ सांगणारी अ‍ॅप्स

वायफाय कॅमेरा दिवसा चांगला. ओट्यापाशी फोन उभा करून ठेवला की मान वळवून पाळणा दिसतो. रात्री तो उठवत नाही. काही कॅमेऱ्यांमध्ये रडण्याची सूचना दर महिन्याचे पैसे भरल्यावरच मिळते, ते विकत घेण्याआधी विचारा. खरं तर दिवसासाठी एक मोठा आरसा स्वयंपाकघराच्या दारासमोर असा लावला की पाळणा त्यात दिसेल, तर त्याला वीजही लागत नाही आणि वायफायही.

‘चॅटरबेबी’ हे अ‍ॅप कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत एरियाना अँडरसन यांच्या गटानं तयार केलं आणि २०१८ मध्ये मोफत उपलब्ध केलं. ते बनवताना कर्णबधिर पालक डोळ्यासमोर होते, म्हणून त्याबद्दल आदर आहे. रडण्याचे २०००हून जास्त नमुने गोळा करून त्यांनी संगणकाला भूक, कुरकुर आणि वेदना यांतला फरक शिकवला. वेदनेचे नमुने लस टोचताना आणि कान टोचताना घेतले होते. काही सेकंदांचं ध्वनिमुद्रण विद्यापीठाच्या सर्व्हरकडे जातं आणि तिन्हींपैकी कशाची शक्यता किती, ते उत्तर येतं. आमच्या मते हे दुसऱ्या पायरीचं साधन आहे. बाळ रडतंय हे कळलं, दूध पाजून झालं, दुपटं बदललं, तरी थांबत नाही, अशा वेळी वापरून बघा. वेदनेची शक्यता दाखवत नाही म्हणून डॉक्टरकडे जायचं मात्र टाळू नका.

भुकेच्या बाबतीत तर यंत्राच्या आधी डोळे कामाला येतात. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, आणि रडणं ही भुकेची उशिराची खूण आहे. त्याआधी ते तोंड उघडून डोकं इकडेतिकडे वळवतं, मूठ तोंडाकडे नेतं, ओठ चोखतं. खुणांच्या भाषेत वाढलेले आईबाबा हे बारकावे चटकन टिपतात. पाळण्याजवळ मंद दिवा रात्रभर चालू ठेवला तर बऱ्याचदा रडण्याची वेळच येत नाही.

चाचणी कशी घ्यावी

फोनवर रडण्याची क्लिप लावून चाचणी घेऊ नका. छोट्या स्पीकरमधून येणारा आवाज खऱ्या रडण्यासारखा नसतो, आणि यंत्र पास किंवा नापास झालं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. ऐकू येणारी एखादी व्यक्ती, सासूबाई किंवा शेजारच्या काकू, दिवसभर घरात असेल तर तिला वही द्या. बाळ कधी रडलं, किती वेळ, ते तिनं लिहायचं. संध्याकाळी ती वही आणि अ‍ॅपची नोंद शेजारी ठेवून बघायचं. किती वेळा सुटलं, किती वेळा उगाच वाजलं आणि किती उशिरा वाजलं, हे तिथंच दिसतं. सुटलेल्या वेळी पंखा जोरात होता का, दार बंद होतं का, बाळ कुशीवर तोंड खुपसून रडत होतं का, तेही विचारा. उठवण्याची चाचणी वेगळी. जोडीदारानं रात्री मध्येच, न सांगता, यंत्र मुद्दाम वाजवायचं आणि झोपलेला किती वेळात उठतो ते बघायचं. पहिल्या झोपेत आणि पहाटे, दोन्ही वेळा. वीज घालवूनही एकदा बघा. मेन स्विच बंद केल्यावर जे चालू राहतं तेवढंच तुमच्या भरवशाचं.

पैसे

जुना फोन असेल तर पहिली सोय फुकट. घड्याळासह खर्च दहा हजारांपासून पुढे, अ‍ॅपल वॉच त्याहून बराच महाग. व्हिजिटसारखा संच, म्हणजे मायक्रोफोन, गजराचं घड्याळ आणि चकती, इंग्लंडात २०० पौंडांच्या वर जातो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आधी स्थानिक कौन्सिलच्या समाजसेवा विभागाकडे गरजेची तपासणी मागावी. तपासणीत गरज ठरली तर अशी उपकरणं फुकट देण्याची तरतूद तिथल्या केअर कायद्यात आहे.

आपल्याकडे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेत श्रवणदोष असलेल्यांसाठी श्रवणयंत्रांबरोबर सूचना देणारी उपकरणंही धरलेली आहेत. टेलिफोन, टीव्ही, दाराची बेल, गजर यांचा उल्लेख आहे, बाळाच्या रडण्याचा नाही. शिबिरात बहुतेक ठिकाणी श्रवणयंत्रच पुढे केलं जातं. मुंबईत वांद्र्याला असलेल्या, वाचा आणि श्रवणदोषांसाठीच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि लेखी अर्ज घेऊन जा. अर्जात ‘सूचना देणारं उपकरण’ असं स्पष्ट लिहा, कारण तोंडी विचारलं तर श्रवणयंत्राच्याच रांगेत उभं केलं जाण्याची शक्यता जास्त. अर्ज सातव्या महिन्यातच करा, म्हणजे बाळ घरी येईपर्यंत चकती कुठे नीट जाणवते हे बघायला वेळ मिळतो.